इंद्रायणीचा महसीर आणि मेंदूखालची ग्रंथी

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा इतिहास आपण पुष्कळ वेळा ऐकतो. परंतु या टापूच्या उत्तर शिवेवरून आळंदीकडे जाणाऱ्या इंद्रायणीतील माशांनाही इतिहास आहे. माशाच्या डोक्यात डोकावल्याखेरीज तो पुरा होत नाही, म्हणून आम्ही आज तोच विषय घेतला आहे.

कर्नल सायक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतल्या मुळा-मुठेच्या एका महसीराला त्याने खुद्री हे येथल्याच लोकांच्या तोंडचे नाव दिले. देहू-आळंदीच्या डोहांत भाविकांनी महसीराला अभय दिले. पण नुसते अभय देऊन वंश वाढत नाही. कोंडलेल्या पाण्यात मादीच्या पोटी अंडी भरतात, परंतु ती बाहेर पडत नाहीत. असे का व्हावे?

अस्थिमत्स्याच्या कवटीचे झाकण काढले, तर पुढे गंधपिंड, मध्ये मोठे दृष्टिपिंड आणि मागे अनुमस्तिष्क अशी रांग दिसते. मेंदू अलगद उचलला की दृष्टितंतूंच्या फुलीमागे मोहरीएवढी पांढुरकी पोष ग्रंथी आढळते. पावसाचा, नव्या पाण्याचा निरोप मेंदूच्या तळातील हायपोथॅलॅमसकडून तिला मिळतो, आणि तिने रक्तात सोडलेल्या हॉर्मोनने अंडी सुटतात. सस्तन प्राण्यांत हा निरोप मुख्यतः सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून जातो. या माशांत मज्जातंतू थेट ग्रंथीत शिरतात.

निरोपच येत नसेल, तर ग्रंथीचा रस आपणच का टोचू नये? १९३० च्या सुमारास अर्जेंटिनात हूसे याने आणि पुढे ब्राझीलमधील संशोधकांनी हे करून पाहिले. आपल्या देशात हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे नदीच्या कार्प माशांवर हा प्रयोग यशस्वी केला. इंद्रायणीच्या उगमाच्या परिसरात, लोणावळ्याजवळ वळवण येथे, टाटांच्या वीज कंपनीने १९७० मध्ये महसीर-पैदाशीचे केंद्र काढले. तेथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व शशांक ओगले यांनी आधी पक्व मादीचे पोट हलके दाबून अंडी घेतली, आणि पुढे तळ्यात वाढविलेल्या महसीरालाही ग्रंथीरस टोचून पाहिला.

या रसासाठी दुसऱ्या माशाचा जीव घ्यावा लागे. तो वाचला मेंदूच्या अभ्यासाने. नागपूर विद्यापीठात प्रसाद राव, सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागुराच्या हायपोथॅलॅमसची रचना तपासून १९८१ साली प्रसिद्ध केली. कॅनडात रिचर्ड पीटर यांनी गोल्डफिशमध्ये दाखविले की मेंदूतील डोपामीन या ग्रंथीला लगाम घालते. लगाम सैल करणारे औषध आणि कृत्रिम हॉर्मोन मिळून आजची तयार इंजेक्शने झाली.

विद्या मोठी खरी. पण वळवणचे महसीर कावेरीत सोडले गेले आणि तेथल्या कुबडाच्या महसीरावर संकट ओढवले, हेही विसरता येत नाही. आणि येथे, आळंदीच्या घाटावर अलीकडे पांढरा फेस साचतो. सुई नदीचा निरोप माशाला देईल. पण सोडलेले पिल्लू जगवायचे तर पाणीच लागेल. महसीराला डोहात अभय देणाऱ्यांच्या वंशजांनी आता ते अभय नदीलाही द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.