वाइनची पारख : प्रदेशाची चव ओळखावी कशी?

नवी दिल्ली – दिल्ली हा काही द्राक्षमळ्यांचा प्रदेश नव्हे. तरीही देशोदेशींची वाइन एकाच टेबलावर शेजारी ठेवून तिची तुलना करण्याची संधी भारतातील ज्या मोजक्या शहरांत मिळते, त्यांत राजधानीचे स्थान महत्त्वाचे आहे. परदेशी दूतावास आणि पंचतारांकित हॉटेले यांमुळे येथे विदेशी वाइनची ओळख लवकर झाली. 1 एप्रिल 2001 पासून आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले. पुढच्याच वर्षी सुभाष अरोरा यांनी दिल्ली वाइन क्लबची स्थापना केली आणि भोजनासोबत वाइनची रीतसर चव घेण्याची प्रथा रुजू लागली. फ्रान्स, इटली व ऑस्ट्रेलियाच्या बाटल्यांशेजारी नाशिक, सोलापूर आणि बंगळुरूच्या बाटल्याही येथे मांडल्या जातात. या तुलनेचा परिणाम केवळ जाणकारांच्या आवडीनिवडीवर होत नाही. राजधानीत होणारा निवाडा अखेर महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराच्या दारापर्यंत पोहोचतो. त्यामुळे हा निवाडा कशाच्या आधारे करावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

नावातच प्रदेश

वाइन प्रदेशाच्या नावाने ओळखण्याची पद्धत युरोपातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती भारतालाही जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून त्याचे ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ हे दोन प्रकार प्रदेशांच्या नावांनी दिले आहेत. कापिशी नगरीवरून बनणाऱ्या ‘कापिशायन’ या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीच्या अष्टाध्यायीतही आढळते. आजच्या अफगाणिस्तानात, काबूलच्या उत्तरेस असलेले बेग्राम म्हणजेच ही कापिशी, असे मानले जाते. मद्याचा दर्जा त्याच्या भूमीशी जोडलेला असतो, ही जाण येथे दोन हजार वर्षांपासून आहे.

चव कशामुळे बदलते?

माती, उतार, उंची, पाऊस, ऊन आणि माणसाची मशागत या सर्वांच्या एकत्रित परिणामाला फ्रेंच भाषेत ‘तेर्वार’ म्हणतात. त्यातही हवामानाचा वाटा ओळखण्यास सर्वांत सोपा असतो. थंड प्रदेशात द्राक्ष सावकाश पिकते, त्यातील आम्ल टिकून राहते आणि साखर कमी भरते. त्यामुळे वाइन हलकी व आंबटसर होते. उष्ण प्रदेशात साखर अधिक भरते. ती आंबवल्यावर मद्यार्काचे प्रमाण वाढते, आम्ल घटते आणि पिकलेल्या फळाचा वास पुढे येतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असेल, तर पक्वता व आम्ल या दोहोंचा समतोल साधता येतो. जगातील अनेक नामवंत मळे उंचावर अथवा समुद्राजवळ असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

चव घेण्याची रीत

वाइन पिणे आणि वाइनची चव घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चव घेण्यासाठी मध्ये फुगीर आणि वर निमुळता असा पारदर्शक पेला वापरावा. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1977 मध्ये ठरविलेला चाचणीचा पेला सुमारे 215 मिलिलीटरचा आहे आणि त्यात केवळ 50 मिलिलीटर वाइन ओतायची असते. उरलेली जागा सुगंधासाठी असते.

प्रथम पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून रंग पाहावा. वय वाढते तशी पांढरी वाइन गडद सोनेरी होत जाते, तर लाल वाइनच्या कडेला विटकरी छटा येते. त्यानंतर पेला न हलवता एकदा, आणि मग हलकेच फिरवून पुन्हा एकदा वास घ्यावा. जिभेला मोजक्याच मूळ चवी कळतात, बाकी सारे काम नाक करते. शेवटी लहानसा घोट तोंडभर फिरवून आम्ल, गोडवा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि दाटपणा या पाच गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. घोट गिळल्यावर अथवा थुंकल्यावर चव किती काळ रेंगाळते, हेही मोजावे. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकतात. त्यात शिष्टाचाराचा भंग नसून, दहावा पेलाही पहिल्याइतक्याच शुद्धीने तपासण्याची ती सोय आहे.

वास ओळखण्यासाठी परदेशी फळांची नावे पाठ करण्याची गरज नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अ‍ॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाइनच्या गंधांचे चक्र तयार केले. सर्वांना समजतील अशा शब्दांत वास सांगता यावा, हा त्यामागील हेतू होता. मराठी माणसाकडे अशा शब्दांचा तोटा नाही. पेरू, लिंबाची साल, कापलेले गवत, जांभूळ, करवंद, काळी मिरी, लवंग, पहिल्या पावसाची माती हे सर्व वास वाइनमध्ये सापडू शकतात. आवळ्याने तोंडाला सुटणारे पाणी म्हणजे आम्लाची खूण. कच्च्या सुपारीने अथवा दाट कोऱ्या चहाने जीभ व हिरड्या आक्रसतात, तो टॅनिनचा गुण. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून व बियांतून, तसेच ओकच्या पिंपातून येते.

उन्हाळा आणि बाटलीचे आरोग्य

प्रदेशाचा विचार करण्यापूर्वी बाटली निरोगी आहे की नाही, हे पाहणे आवश्यक असते. नाशिकहून दिल्लीला येणारी बाटली हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करते. मे-जूनमध्ये राजधानीचे तापमान 45 अंशांपर्यंत जाते. वाहतुकीत अथवा गोदामात तापलेल्या वाइनचा ताजेपणा हरपतो, तिला शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो आणि काही वेळा बूच वर सरकते किंवा बाटलीच्या तोंडाशी गळतीचे डाग दिसतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास बुचातील दोष दर्शवितो. कापून ठेवलेल्या काळपट सफरचंदाचा वास हवेच्या संपर्काचा, तर शिरक्याचा तीव्र वास जिवाणूंच्या वाढीचा निदर्शक असतो. असा दोष आढळल्यास ती बाटली बाजूला ठेवावी. तिच्यावरून त्या प्रदेशाविषयी मत बनवू नये.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता. दिल्लीतील 35 अंशांच्या खोलीत तो लागू पडत नाही. लाल वाइन साधारण 15 ते 18 अंश, पांढरी 8 ते 12 अंश आणि फेसाळ वाइन 6 ते 10 अंशांवर चाखावी. लाल वाइनची बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे हा भारतीय उन्हाळ्यात योग्यच उपाय आहे.

काही प्रदेशांच्या खुणा

फ्रान्समधील बोर्दो येथे काबर्ने सोव्हिन्यो आणि मेर्लो ही प्रमुख लाल द्राक्षे असून त्यांच्या मिश्रणातून तुरट, संयत आणि दीर्घकाळ टिकणारी वाइन बनते. बर्गंडीमध्ये पिनो न्वार या पातळ सालीच्या द्राक्षामुळे रंग फिका आणि वास नाजूक असतो. जर्मनीतील मोझेल नदीच्या उभ्या, पाटीच्या दगडाच्या उतारांवरील रीस्लिंग कमी मद्यार्काची आणि तीव्र आम्लाची असते. इटलीतील टस्कनीचे सांजोवेझे द्राक्ष आंबट चेरीची आठवण देते. ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातील शिराझ दाट, उष्ण आणि पिकल्या फळांची असते. न्यूझीलंडमधील मार्लबरोच्या सोव्हिन्यो ब्लाँमध्ये हिरव्या गवताचा व पॅशनफ्रूटचा वास ठळकपणे जाणवतो.

महाराष्ट्राचे वेगळेपण

नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंचीवर आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जातो आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढली जातात. महाराष्ट्रात वेलाला तशी विश्रांती मिळत नाही. म्हणून येथील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. साधारण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळ छाटणी होते. घड थंडीत पोसले जातात आणि जानेवारी ते मार्च या काळात त्यांची काढणी होते. दिवसाचे ऊन आणि हिवाळी रात्रींचा गारवा यांचा मेळ येथील वाइनमध्ये उतरतो. नाशिकच्या चांगल्या सोव्हिन्यो ब्लाँमध्ये हिरव्या वासासोबत पेरूसारख्या उष्ण प्रदेशातील फळाची छटा असते, शेनाँ ब्लाँ सौम्य व अनेकदा किंचित गोड असते, तर शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी आढळतात.

या उद्योगाची आधुनिक वाटचाल 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांच्या नारायणगाव येथील प्रकल्पाने सुरू झाली. कर्नाटकात कंवल ग्रोव्हर यांनी नंदी हिल्सच्या पायथ्याशी लागवड केली. राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन 2000 मध्ये नाशिकहून बाजारात आली. राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइन्समध्ये तर महाराष्ट्रातील मोहिते-पाटील, दिल्लीतील सेखरी आणि इटलीतील सेच्ची ही तीन कुटुंबे एकत्र आली. टस्कनीचे पिएरो मासी तेथे वाइन घडविण्यासाठी आले. त्यामुळे टस्कनीचे सांजोवेझे सोलापूर जिल्ह्याच्या मातीत कसे बदलते, हे दोन पेले शेजारी ठेवून पाहता येते.

लेबल झाकून निवाडा

प्रदेशाचे नाव आधी कळले की जीभ स्वतंत्र राहत नाही. बोर्दो येथील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना बाटल्यांची ओळख लपवून वाइन दिली, तेव्हा लाल व पांढऱ्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. स्टॅग्ज लीप आणि शातो माँतेलेना या त्या विजेत्या वाइनरी होत. तोवर कॅलिफोर्नियाला कोणी फारसे गांभीर्याने घेत नव्हते.

ही पद्धत घरीही वापरता येते. एकाच जातीच्या द्राक्षाची, शक्यतो सारख्याच वर्षांची नाशिक, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाची वाइन घ्यावी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत आणि सर्वांनी आपले मत लिहून झाल्यावरच कागद काढावा. आधी हलक्या व कोरड्या, नंतर दाट आणि शेवटी गोड वाइन, असा क्रम ठेवावा. मध्ये पाणी प्यावे आणि पावाचा साधा तुकडा खावा. आपल्याला खरोखर फरक कळतो का, हे पाहण्यासाठी तीन पेल्यांपैकी दोनांत एकच वाइन ओतून वेगळा पेला ओळखण्याची चाचणी फार उपयोगी पडते. एखादी भारतीय वाइन अशा परीक्षेत मागे पडली, तर तसे स्पष्ट म्हणावे. ती पुढे आली, तर तेही निःसंकोच मान्य करावे.

या निवाड्यावर काय अवलंबून आहे?

वाइनची द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. खाण्याच्या थॉमसन किंवा सोनाका द्राक्षांप्रमाणे ती बाजारात विकता येत नाहीत. वाइनरीने पाठ फिरविली की त्या मालाला दुसरा गिऱ्हाईक उरत नाही. जागतिक मंदी आणि नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील हल्ला यांनंतर मागणी घसरली, अनेक वाइनरी अडचणीत आल्या आणि काही बागायतदारांना वेली उपटून टाकाव्या लागल्या. विदेशी वाइनवर दीर्घकाळ असलेल्या 150 टक्के आयात शुल्काचे संरक्षणही हळूहळू कमी होत आहे. 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार ठरावीक किमतीवरील ऑस्ट्रेलियन वाइनचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरते. यापुढे भारतीय वाइनला केवळ स्वस्ताईच्या बळावर टिकता येणार नाही, तिला चवीवर उतरावे लागेल. त्यासाठी दोष दिसताच तो सांगणारा आणि गुण दिसल्यास तो ओळखणारा ग्राहक हाच बागायतदाराचा खरा आधार आहे.

कायदा व आरोग्य

दिल्लीच्या 2009 च्या अबकारी कायद्याने मद्यासाठी 25 वर्षे ही किमान वयोमर्यादा घातली आहे. राजधानी परिसरातील हरियाणा व उत्तर प्रदेशातील नियम त्याहून वेगळे आहेत. त्यामुळे गुरुग्राम अथवा नोएडा येथे जाताना तेथील नियम आणि बाटल्या नेण्याच्या मर्यादा तपासून घ्याव्यात. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. जे पीत नाहीत त्यांनी पारखीसाठी पिणे सुरू करू नये, आणि चाचणीनंतर वाहन चालवू नये. चव घेणाऱ्याने घोट लहान ठेवावा, थुंकण्याचे पात्र जवळ असू द्यावे आणि प्रत्येक पेल्याची टिपणे लिहून ठेवावीत.