उत्क्रांती

मोबाइलचं नवं मॉडेल आलं की ‘उत्क्रांत’ हा शब्द हमखास कानावर येतो. ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे प्राणाने देह सोडून जाणं! इंग्रजी ‘इव्होल्यूशन’च्या मुळाशी लॅटिनमधलं गुंडाळी उलगडणं आहे. डार्विनच्या गाजलेल्या ग्रंथाच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द नाहीच. डार्विन ‘बदलांसह वंशपरंपरा’ म्हणतो. मला हेच नेमकं वाटतं, कारण ‘उत्’मुळे उगाच वरची पायरी चढल्याचा भास होतो.

याचं एक उदाहरण पाहा. गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावर १९७७ साली दुष्काळ पडला. बारीक बिया संपत आल्या. उरली ती आपल्या सराट्याच्या भाईबंदाची टणक, काटेरी फळं. ती फोडू शकणारे जाड चोचीचे फिंच पक्षी जास्त तगले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. कुठल्याही एका पक्ष्याची चोच बदलली नव्हती, बदलला तो थवा.

फोनला वंश नाही, त्याला ‘सुधारित’ म्हणावं. अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू उत्क्रांत झाले, असं डॉक्टर म्हणतात तेव्हा मात्र शब्द अगदी चपखल बसतो.