ज्वारीचा भाव

लढाईची गोष्ट निघाली की आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढे घोडे नि तलवारी यायच्या. नायकबाबांना मात्र ज्वारीचा भाव आठवायचा. वाटूरच्या शिवाराला लागून असलेल्या बंजारा तांड्याचे ते नायक, आणि माझ्या आजोबांचे जुने स्नेही. बैलाचा दात बघावा तर त्यांनीच. त्यांना सोबत घेतल्याशिवाय आजोबा कधी बैलबाजाराला गेले नाहीत. उन्हाळ्यात खळ्यावर दोघं बसले की नायकबाबा त्यांच्या खापरपणज्याच्या गोष्टी काढत. सुरुवात ठरलेली : “फिरंग्याची फौज आलती तवा...” साल सांगायची त्यांना गरज वाटत नसे.

ते साल 1803 चं, इंग्रज-मराठा युद्धाचं. त्या पावसाळ्यात मराठवाड्याच्या या पट्ट्यात एकाच वेळी चार-पाच फौजा फिरत होत्या. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला, 2 सप्टेंबरला त्याच्याच बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सननं जालना घेतलं. शिंदे-भोसल्यांचे स्वार बगल देऊन गोदावरीकडे वळले, म्हणून वेलस्ली नदीकाठी राक्षसभुवनाला जाऊन बसला. ज्या राक्षसभुवनाला चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या माधवरावांनी निजामाला धूळ चारली, तेच हे ठिकाण. तो तिथं थांबला त्याचं एक कारण हैदराबादचं रक्षण. दुसरं जास्त साधं होतं : दक्षिणेतून त्याच्यासाठी दाणा येत होता, आणि त्या वाटेवर शत्रूचे स्वार उतरू द्यायचे नव्हते. त्याच्या मद्रासकडच्या पलटणींना भात लागे. आमच्या मुलखात पिकते ज्वारी, तीही भाद्रपदात नुसती निसवत असते. म्हणजे उभ्या पिकात घोडी सोडता येत होती, पण माणसाच्या ताटात पडेल असं काही नव्हतं.

इथंच तांड्याचा प्रवेश होतो. आज आपण ज्याला लष्कराचा कंत्राटदार म्हणू, तो त्या काळात बंजारा नायक होता. त्याला पगार नव्हता, पोशाख नव्हता, हत्यार असलं तर स्वतःच्या राखणीपुरतं. बैल त्याचे, धान्य त्यानं विकत घेतलेलं, कधी स्वतःच्या भांडवलावर, कधी फौजेनं आगाऊ दिलेल्या पैशावर. छावणीच्या बाजारात तो ते विकायचा. बैल मेले, नदीत गोणी वाहून गेल्या, तर पहिला फटका त्यालाच. वेलस्लीच्या पत्रांत तोफांइतकाच, कदाचित जास्तच, बैलांचा, तांदळाचा नि या ‘ब्रिंजारीं’चा विषय येतो. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला हरवणारा हा माणूस रसदीचा हिशेब आमच्या दख्खनच्या चिखलात शिकला, असं मला वाटतं.

नायकबाबांच्या गोष्टीत लढाई कमी आणि दिवस जास्त असायचा. पहाटे चांदणी असतानाच गोणी चढवायच्या. जोडगोण बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे सारखी बसली पाहिजे. एका अंगाला भार झाला की पाठ सोलते, आणि पाठ सोललेला बैल फुकट खातो. सगळ्यात पुढे एक बैल मोकळा चाले. त्याच्या पाठीवर ओझं नाही, अंगावर कवड्या, गळ्यात घंटा. तो देवाचा. तो थांबला की तांडा थांबायचा. बाया डोक्यावर भांडी नि काखेत पोरं घेऊन कळपाच्या कडेनं चालत. दिवसाची मजल फार तर तीन-चार कोस, कारण बैलाला चरायलाही वेळ लागतो. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला 1632 साली आग्र्याच्या वाटेवर धान्याचा एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते. एवढा कळप एका ओढ्यावर पाणी प्यायला उतरला तर मागच्यांना चिखलच मिळत असणार.

मुक्कामाला गोणींची थप्पी रचून भिंत करायची, आत माणसं नि वासरं, बाहेर कुत्री. छावणीच्या अगदी आत तांडा कधी उतरायचा नाही, हे नायकबाबा दर वेळी बजावून सांगत. “आत उतरलं की आपला माल सरकारचा होतो, लेकरा. भाईर राहिलं की मालाचा भाव आपला.” सकाळी नायक बाजारात जाऊन हाळी ऐकायचा. कालच्यापेक्षा आज भाव चढला का? शिपायाच्या खिशात पैसा आहे की पगार थकलाय? पगार थकलेल्या फौजेला धान्य विकणं म्हणजे लूट ओढवून घेणं, हे त्यांच्या खापरपणज्याला पाठ होतं. पगार कुणाचा थकलाय याची खबर हेरांच्या आधी तांड्याला लागत असणार, यात मला शंका नाही.

मी एकदा विचारलं, “मग तुम्ही कोणाच्या बाजूनं होतात, बाबा?” त्यांना प्रश्नच कळला नाही. शिंद्याच्या गोटातही धान्य गेलं, फिरंग्याच्याही. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. शाळेत फितुरीचे धडे वाचलेल्या मला ते तेव्हा खटकलं. आता खटकत नाही. दोन्ही फौजांना उद्याही दाणा लागणार होता, म्हणूनच दोघंही तांड्याला सहसा हात लावत नसत. शाहजहानच्या काळात आसफखानाबरोबर दख्खनेत उतरलेल्या भंगी-जंगी नायकांना तांब्याच्या पत्र्यावर सवलती लिहून मिळाल्या, ही कथा तर सगळ्या तांड्यांत चालते. पाणी, घरावरचं गवत, आणि दिवसाला काही खून माफ! खुनांचा भाग आला की नायकबाबा मिशीतल्या मिशीत हसत.

21 सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. 23 ला वेलस्लीनं सामानसुमान नळणीला एका पलटणीच्या राखणीत सोडलं आणि हलक्या अंगानं केळना ओलांडून असईला भिडला. संध्याकाळपर्यंत त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांच्या तोफा गेल्या. पुस्तकं इथं थांबतात. नायकबाबांची गोष्ट इथून वेग घ्यायची, कारण दुसऱ्या दिवशीही सगळ्यांना जेवायचं होतं. त्या वर्षी नि पुढच्या वर्षी दख्खनेत दुष्काळ पडला. फौजांनी तुडवलेलं पीक आणि न आलेला पाऊस, दोन्ही मिळून. ज्वारी रुपयाला किती शेर झाली, हे ते पायल्यांच्या भाषेत सांगत आणि प्रत्येक वेळी आकडा थोडा बदले. आजोबा हसून दुरुस्ती करत. मग वाद.

तांड्याचं हे कंत्राट कुणी मोडलं नाही, ते आपोआप संपलं. रस्ते झाले, बैलगाड्या वाढल्या, आणि 1900 च्या सुमाराला मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे जालना-परतूरवरून धावू लागली. एका मालगाडीपुढे हजार बैल काय करणार? त्याआधीच, 1871 साली, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता आणि ठिकठिकाणच्या याद्यांत बंजाऱ्यांची नावं चढत गेली. ज्यांच्या धान्यावर टिपूविरुद्ध नि शिंद्यांविरुद्ध मोहिमा चालल्या, त्यांच्याच फिरण्याला गुन्ह्याचा वास येऊ लागला. कायदा 1952 ला गेला.

आता आमच्या भागातल्या तांड्यांतून दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो, ती फेडेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता त्याच्या ताब्यात. नायकबाबांच्या मोठ्या मुलानंही ती उचल घेतली होती. फौजेचा आगाऊ पैसाही उचलच होती की, असं मी म्हटल्यावर म्हातारा भडकला. “उचल घेतली तवा दावणीला आमचे बैल होते,” तो म्हणाला. “भाव पटला नाही तर नायक तांडा हाकलून दुसऱ्या गोटात जाई. ह्या पोराला मुकादम सोडून जायला सांग बरं.”