गाडीत गाडी

आपण रेल्वेलाही गाडी म्हणतो आणि मोटारसायकललाही. ‘गाडी गाडीने पाठवली’ हे वाक्य नागपुरात कुणालाच खटकत नाही. जून-जुलैत पोरं पुण्याला शिकायला निघाली की पार्सल ऑफिसपाशी हीच तयारी दिसते. टाकीतलं पेट्रोल काढलेलं, आरसे उतरवलेले, हँडलपासून मडगार्डपर्यंत गोणपाट गुंडाळलेलं, वर पुठ्ठ्यावर नाव आणि ‘नागपूर ते पुणे’. मालक त्याच रेल्वेने जाणार असेल तर ती लगेज, नाहीतर पार्सल. दोन्ही वेळा तो तिच्यापासून वेगळा असतो आणि गाडी हमालांच्या हातांवरून ब्रेकव्हॅनमध्ये जाते.

या रिवाजाचं कूळ मोटारसायकलीपेक्षा जुनं आहे. 1830मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. त्या काळातले इंग्रज श्रीमंत आपली बग्गी उघड्या, सपाट वाघिणीवर चढवून बांधत आणि स्वतः बग्गीतच बसून राहत. वाहन आणि वाहनाचा धनी यांची ताटातूट तेव्हा झालेली नव्हती. 1850मध्ये स्कॉटलंडात थॉमस बाउच याने फोर्थच्या खाडीवर रेल्वेच्या वाघिणीच बोटीवर ढकलून चढवण्याची सोय केली. माल उचलायचाच नाही. चाकांवर आत न्यायचा, चाकांवर बाहेर काढायचा. आज आपण ज्याला ‘रो-रो’ म्हणतो ती युक्ती हीच.

पाण्याखालून मोटारी रेल्वेने नेण्याची सोय सेव्हर्न नदीच्या बोगद्यात झाली. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या भरती-ओहोटीच्या मुखाखालून जाणारा हा सुमारे 7 किलोमीटरचा बोगदा 1886मध्ये खुला झाला. खोदताना 1879मध्ये आत असा झरा फुटला की काम बुडालं. तिथलं पाणी आजही पंपांनी उपसावं लागतं. विसाव्या शतकात मोटारी आल्या, पण नदीमुखावर पूल नव्हता. मग मोटारी सपाट वाघिणींवर बांधून बोगद्यातून पलीकडे नेऊ लागले; माणसं जोडलेल्या डब्यात बसत. 1966मध्ये सेव्हर्नचा पूल झाला आणि ही सेवा बंद पडली.

इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याची कल्पना तर 1802ची. आल्बेर मात्यू या फ्रेंच अभियंत्याने त्यात घोडागाड्या आणि तेलाचे दिवे योजले होते. प्रत्यक्ष उद्घाटन 6 मे 1994 रोजी झालं. लांबी सुमारे 50 किलोमीटर, त्यांतले जवळपास 38 समुद्रतळाखाली. इंग्लंडच्या बाजूला फोकस्टनला मोटारसायकलवाला स्वतः गाडी चालवत वाघिणीत शिरतो, स्टँडवर लावतो आणि तिच्याशेजारीच थांबतो. पस्तीस मिनिटांनी फ्रान्समध्ये किक मारून बाहेर. पेट्रोल टाकीतच असतं. हे जमतं, कारण वाघीण बंदिस्त आहे, दोन वाघिणींमध्ये आग अडवणारी दारं आहेत आणि धूर हेरणारी यंत्रणा आहे. ट्रकांच्या वाघिणी जाळीच्या, म्हणून त्यांचे चालक वेगळ्या डब्यात बसतात. नोव्हेंबर 1996मध्ये आग लागली ती ट्रकांच्याच गाडीला.

आपल्याकडे या कुळाची शाखा कोकणात रुजली. 26 जानेवारी 1999 रोजी कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू केली. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढतात, चालक आपापल्या केबिनमध्ये बसतात आणि रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पार होतात. घाटातले अपघात, डिझेल, टायर सगळं वाचतं. मला ही आपल्या रेल्वेची फार मोठी कामगिरी वाटते; तिचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. 2025च्या गणपतीत मोटारींसाठीही अशी गाडी सोडली. एका फेरीत चाळीस मोटारींची सोय, मोटारीमागे 7,875 रुपये भाडं, माणसांना बसायला वेगळा डबा.

ट्रक झाला, मोटार झाली. राहिली दुचाकी, आणि नागपुरात निम्मं घर तिच्यावरच चालतं. 1867मध्ये मुंबईहून रेल्वे इथे पोचली. आज हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथेच एकमेकांना छेदतात. दुचाकी रेल्वेने न्यायची सोय सुधारायची, तर सुरुवातीला याहून योग्य स्टेशन कोणतं?

समुद्राखालचा बोगदा इथे नको, पेट्रोल टाकीत ठेवू द्या असंही म्हणणं नाही. इतर पार्सलांसोबत बंद डब्यात ते ठेवणं धोक्याचंच आहे. मागणी एवढीच की नागपूर-पुणे गाडीला एक असा डबा जोडावा, ज्याला उतरती फळी असेल आणि तळाला चाकं आवळून बांधायच्या कड्या असतील. गाडी हमालांनी उचलून आडवी करण्याऐवजी मालकाने स्वतःच्या हातांनी आत ढकलत न्यावी, बांधावी आणि पुण्याला स्वतःच सोडवावी. रेल्वेने एका उन्हाळ्यापुरता हा प्रयोग करून पाहावा.