दुसऱ्या दोराचं कूळ

उंच इमारतीच्या गच्चीवरून दोराला लोंबकळत काचा पुसणारा माणूस गिर्यारोहकांच्या घराण्यातला वाटतो. माझ्या मते तो गुहावाल्यांचा वारस आहे, आणि त्याचे दोन दोर दोन वेगळ्या काळांतून आले आहेत.

पहिला, कामाचा दोर. नायलॉन आला, पाठोपाठ 1958मध्ये स्वित्झर्लंडमधून जुमार. अडॉल्फ यूसी गरुडांचा अभ्यास करायचा. कड्यांवर दोराने चढायला त्याला साधन हवं होतं, ते वॉल्टर मार्टीने घडवलं. सह्याद्रीतली पोरं ज्याला 'झुमार' म्हणतात, ते हेच. पुढे युरोपातल्या गुहावाल्यांनी खोल विवरांत एकाच दोरावर चढउतार सुरू केली, आणि 1980च्या दशकात ही विद्या ब्रिटनमध्ये उत्तर समुद्रातल्या तेल फलाटांवर पोटापाण्याला लागली.

पण गुहेत दोर एकच असतो. मग दुसरा आला कुठून? बांधकामवाले म्हणतील, आमच्या पट्ट्याच्या जीवदोरावरून. मला हे पटत नाही. तो दोर एका जागी अडकवलेला. माणूस खाली सरकला की तो सोबत येत नाही. त्याआधीचं पाहा. जुमारपूर्वी गुहावाले तारेच्या शिडीने उतरत. फ्रान्सच्या रॉबेर द जोलीने ती 1930च्या दशकात हलकी केली. शिडीवरच्या माणसाला वेगळा दोर बांधत, तो वरचा साथीदार धरून बसे. शिडी गेली तसा तोही गेला. कारखानदारीला एका दोराचा भरवसा वाटेना, तेव्हा तोच परतला, असा माझा तर्क. साथीदाराच्या जागी माणसाबरोबर सरकणारं आणि पडताच दोर चावणारं साधन आलं, एवढंच.

बांधकामवाल्यांचं देणं मात्र नाकारता येत नाही. पडताना टराटरा उसवून धक्का झेलणारी शिवलेली पट्टी त्यांचीच; युरोपीय मानकानुसार शरीरावरचा धक्का तिने 6 किलोन्यूटनच्या आत ठेवायचा. गच्चीवर ही दोन्ही घराणी एकत्र नांदतात. कठड्यापाशी वावरताना माणूस कडेपर्यंत पोचूच नये इतका आखूड दोर. कड ओलांडण्याआधी कामाचा आणि जीवाचा असे दोन्ही दोर अडकवलेले. 2001च्या युरोपीय निर्देशात तर दोन्हींच्या आधारजागाही वेगळ्या हव्यात, असं लिहिलेलं आहे.

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन्ही दोर एकाच पाइपला बांधलेले दिसले, तर तिथल्या तिथे काम थांबवायला सांगा.