लंडनच्या दप्तरातला बोरघाट

लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या १८६० सालच्या कार्यवृत्तात जेम्स जॉन बर्कली यांचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरील निबंध आहे. बर्कली या रेल्वेचे मुख्य अभियंता. १८१८ साली स्थापन झालेल्या आणि १८२८ मध्ये राजसनद मिळालेल्या या संस्थेचे सभासद दूरदूरच्या मुलखांत कामाला होते. तिथला अनुभव निबंधरूपाने लंडनच्या सभेत वाचला जाई, त्यावर चर्चा होई आणि चर्चेसकट तो छापला जाई. या रेल्वेच्या बोरघाटातल्या मार्गाच्या अभ्यासकाला बर्कलींचा निबंध अव्वल साधन वाटेल, कारण लिहिणाराच काम उभारणारा होता.

मात्र तारीख ध्यानात ठेवावी. निबंध आला तेव्हा घाटाचे काम अपुरे होते. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढणारा, कुठे कुठे ३७ फुटांना एक फूट चढ असलेला हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. मजुरांची संख्या जानेवारी १८६१ मध्ये ४२,००० च्या वर गेली होती. म्हणजे कामाचा खरा जोर निबंधानंतरचा.

दुसरे साधन स्मृतिलेखाचे. बर्कली २५ ऑगस्ट १८६२ रोजी वारले. संस्थेने रिवाजाप्रमाणे त्यांचे चरित्र छापले. मजकूर गौरवाचा आहे. नेमणुकांसाठी तो उपयोगी, श्रेयाच्या वाटणीत मात्र जपून वापरावा.

हे श्रेय ठेकेदारांपाशी येऊन अडते. पहिले ठेकेदार फेव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तंट्यावरून घाटात दंगा झाला आणि मार्चमध्ये त्यांनी ठेका सोडला. घटनांचा क्रम निश्चित आहे. दंग्यामुळेच ठेका सुटला, हा तर्क. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारले. पुढे ठेका त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी, व्यवस्थापक नेमून, चालवला.

या संस्थेला पहिली स्त्री सभासद, डोरोथी ब्युकॅनन, लाभली ती १९२७ साली. तेव्हा सभासदांच्या स्मृतिलेखांत अ‍ॅलिसबाईंना जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. घाट फोडणाऱ्या मजुरांनाही नव्हता. त्या मौनावरून त्यांच्या वाट्याचे माप काढता येत नाही. संस्थेच्या कार्यवृत्तातून घाट कसा आखला ते कळते. तो पुरा कोणी केला हे ठरवायचे, तर ठेक्याचे आणि दंग्याचे कागद त्याच्या शेजारी मांडावे लागतात.