पेटीतला पंखा

घरच्या संगणकाच्या पेटीत प्रोसेसरवर बसवलेला छोटा पंखा आणि त्याच्याखालचा अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, ही जोडी तशी अलीकडची आहे. तिचा जन्म 1990 नंतरचा. 'पंखा' हा शब्द मात्र फार जुना. संस्कृतातल्या 'पक्ष'पासून पंख आला, पंखापासून पंखा. साहेबाच्या कचेरीत छताला टांगून दोरीने ओढला जाणारा पंखा याच नावाने इंग्रजीतही गेला. तो माणसाच्या अंगावरचा घाम वाळवत असे. संगणकाला घाम येत नाही. त्यामुळे त्याच्या पंख्याचे काम वेगळे आहे: तापलेली हवा हलवायची आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणायची. खोलीच्या हवेपेक्षा थंड असे तो काहीच करू शकत नाही. पुढची सारी कुळकथा या एका मर्यादेभोवती फिरते.

सुरुवातीच्या संगणकांसाठी सगळी खोलीच थंड करावी लागे. अमेरिकेत 1946 साली लोकांपुढे आलेल्या एनिअ‍ॅकमध्ये सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक 1960 साली कामाला लागला. त्यातही 2,700 नळ्या होत्या. अशा यंत्रांसाठी धूळ नसलेली, वातानुकूलित खोली हा यंत्राचाच भाग मानला जाई. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांत संगणक कक्ष आले, तेव्हा मुलांना चपला दाराबाहेर काढाव्या लागत आणि भर उन्हाळ्यात आत गारवा असे. ती शिस्त या मोठ्या यंत्रांच्या खोल्यांतून उतरली होती.

घरात संगणक आला आणि ही खोली गेली. 1981 च्या आयबीएम पीसीतला 8088 हा प्रोसेसर दीड-दोन वॅट उष्णता टाकत असे. त्यावर काहीही बसवलेले नव्हते, पंखा होता तो फक्त वीजपुरवठ्याच्या डब्यात. त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅपलने अ‍ॅपल थ्री मुद्दाम बिनपंख्याचा काढला होता. आवाज नको, हा आग्रह स्टीव्ह जॉब्सचा. आतल्या चिप तापून-निवून आपल्या खोबणीतून सैल होऊ लागल्या. मग ग्राहकांना सांगण्यात आले की यंत्र टेबलापासून काही इंच उचलून खाली सोडावे, म्हणजे चिप पुन्हा जागेवर बसतील. टेबलावरच्या संगणकाने उष्णतेपुढे खाल्लेली ही एक मोठी हार.

486 मालिकेच्या वेगवान प्रोसेसरांनी 1992 च्या सुमारास पाच-सहा वॅटचा टप्पा गाठला आणि हीटसिंक, म्हणजे पात्यांचा तो ठोकळा, आला. त्याचे तत्त्व मराठी घराला नवे नाही. कढत चहा कपातून बशीत ओतला की लवकर निवतो, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. हीटसिंकची पाती हेच करतात. प्रोसेसरच्या नखाएवढ्या जागेतली उष्णता पसरून कितीतरी पट मोठ्या पृष्ठभागावर नेतात. 1993 च्या पेंटियमने सोळा वॅटपर्यंत मजल मारली आणि नुसता ठोकळा पुरेना, त्याच्यावर पंखा चढला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्या मधे आली पांढरी पेस्ट. धातूचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात. त्यांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. सिलिकॉनमध्ये जस्ताचे ऑक्साइड कालवलेली ही पेस्ट ते खळगे बुजवते.

त्यानंतरची दहा वर्षे वेगाच्या शर्यतीची. 2001 साली एका चाचणीत चालू संगणकावरचा हीटसिंक काढला, तेव्हा एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. इंटेलचा पेंटियम 4 मात्र आपोआप मंदावला आणि चालत राहिला. तापले की स्वतःच वेग कमी करण्याची ही सोय पुढे सगळ्यांनी घेतली. म्हणून आजचा तापलेला संगणक सहसा जळत नाही, तो रेंगाळतो, आणि घरची मंडळी 'हँग होतोय' म्हणतात. 2004 मध्ये पेंटियम 4 ची नवी आवृत्ती शंभर वॅटपलीकडे गेली. त्याच वर्षी इंटेलने पुढचा आणखी वेगवान प्रोसेसर रद्द केला. वेगाला बांध घालणारी गोष्ट शेवटी उष्णताच ठरली.

मुंबईच्या उत्तरेला वसई-विरार पट्ट्यात घरोघरी पोचलेला संगणक याच काळातला. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायचे, विरार लोकलने आणायचे आणि ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे, अशी पद्धत होती. अख्ख्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची सवयही तेव्हाची. ती पेटी संगणकाच्या टेबलाला केलेल्या बंद कप्प्यात सरकवली जाई. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुन्हा पुढून आत शिरे. त्यात ऑक्टोबरचा उकाडा आणि महावितरणचे भारनियमन. यूपीएसवर संगणक थोडा वेळ चालू राही, पण छताचा पंखा थांबे. खोली पंचवीसऐवजी पस्तीस अंशांवर असेल, तर प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी अधिक तापतो. पेटी कप्प्यातून काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत गुणकारी उपाय, आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

या पट्ट्यातल्या किनाऱ्याचा त्रास वेगळा. अर्नाळा, कळंब, राजोडी, भुईगाव या बाजूला वाऱ्याबरोबर खार येतो. मीठ हवेतली ओल धरते, त्यावर बांधकामांची धूळ बसते, आणि पाती व पंखा यांच्या मधे नमद्यासारखा जाड थर तयार होतो. स्क्रू गंजतात, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. दुरुस्तीचे काम जाणणारा माणूस पेटी गॅलरीत नेतो, बाजूचा पत्रा काढतो, आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ सुटी करतो आणि मग ब्लोअर मारतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवतो, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. पंखा घरघरत असेल तर मधला स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतो. वाळलेल्या चुन्यासारखी झालेली जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावतो. प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी बसणाऱ्या हीटसिंकची एखादी खुंटी अर्धवट बसलेली असते, तीही याच वेळी सापडते. बाजूचा पत्रा कायमचा काढून टेबलफॅन लावण्याची युक्ती तात्पुरती चालते, पण तिने धूळ आणि पाल दोन्हींना वाट मिळते.

लॅपटॉपमध्ये पंख्याला तांब्याच्या नळीची साथ मिळाली. तिच्या आत थोडे पाणी असते. ते प्रोसेसरपाशी वाफ होते, पंख्यापाशी निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून परतते. ही नळी 1963 मध्ये अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी घडवली. तीही शेवटी उष्णता खोलीच्या हवेलाच देते, आणि ती हवा बहुतेक लॅपटॉपमध्ये तळाच्या झरोक्यांतून येते. गादीवर ठेवला की हे झरोके बुजतात. खाली लाकडी पाट ठेवला, तर ते मोकळे राहतात.